केर्लीच्या पुढचा लाल दिवा

काल सकाळी केर्ली गाव ओलांडलं आणि लाल दिवा लागला.

चैत्र आल्याचं मला पालवी सांगत नाही, कोकीळ सांगत नाही, मंडईतल्या कैऱ्याही सांगत नाहीत. माझ्या मोटरसायकलच्या मीटरमध्ये, वेगाच्या आकड्यांशेजारी, थर्मामीटरचं चित्र असलेला एक बारका दिवा आहे. पावसाळ्यात आणि थंडीत तो मुकाट असतो. ऊन तापायला लागलं की एका सकाळी, पन्हाळ्याचा घाट अजून लांब असतानाच, तो तांबडा पेटतो आणि मी समजतो, लागला उन्हाळा. काल गाडी कडेला घेतली, हेल्मेट काढलं आणि मोठ्यानं एक शिवी हासडली. उसाच्या फडातला एक बगळा दचकून उडाला. चार वर्षांत माझ्या शिवीत काही फरक पडलेला नाही, बगळाही बहुतेक तोच असावा.

दिवा का लागला हे मला ठाऊक होतं, काय करायचं तेही ठाऊक होतं. चार वर्षांपूर्वीच्या चैत्रात मात्र यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्या उन्हाळ्यानं माझा जो छळ मांडला, तो आठवला की आजही डोकं त्या इंजिनाइतकं तापतं.

तेव्हा गाडी नवी होती. मी राहतो शिवाजी पेठेत आणि नोकरी पन्हाळ्यावरच्या कचेरीत. रोज वीस किलोमीटर जायचं, वीस यायचं, आणि जाताना शेवटचा तुकडा चढाचा. पावणेदहाला यंत्रावर अंगठा लावायचा. तीनदा उशीर झाला की एक रजा गेली. माझ्या रजा आधीच बाबांच्या दवाखान्यात खर्ची पडत होत्या, म्हणून जुनी गाडी काढून ही दमदार गाडी घेतली. जुन्या गाडीचं इंजिन नुसत्या वाऱ्यावर थंड व्हायचं. हिचं पाण्यावर होतं. म्हणजे इंजिनाभोवती हिरवट रंगाचं पाणी, ज्याला कूलंट म्हणतात, ते फिरतं. ते तापून पुढच्या चाकामागच्या जाळीदार रेडिएटरमध्ये येतं, तिथं समोरचा वारा लागून निवतं आणि परत आत जातं. इतकी साधी गोष्ट. ती कळायला आम्हाला अख्खा चैत्र आणि अर्धा वैशाख लागला.

बाबा पेंटर. पेठेत त्यांना नावानं कुणी हाक मारत नाही, पेंटर म्हणूनच हाक मारतात. दुकानांच्या पाट्या, दवाखान्यांच्या पाट्या, कुस्तीच्या मैदानाचे आणि फुटबॉलच्या सामन्यांचे फलक, सगळं त्यांच्या हातचं. मग छापील फ्लेक्स आले आणि एका वर्षात काम आटलं. त्यापाठोपाठ उजवा हात थरथरायला लागला. घरात शिरताच लागणाऱ्या सोप्याच्या कोपऱ्यात त्यांचा घोडा उभा असायचा, पाटी टेकवून रंगवायची लाकडी चौकट. तिचे पाय वरखाली करून उंची धरायची आणि दोन नट पिळून घट्ट करायचे. कित्येक वर्षं त्या घोड्यावर आम्ही ओले टॉवेल वाळत घालत होतो.

नवी गाडी दारात आली त्या दिवशी त्यांनी टॉवेल काढून फेकले. पत्रा कापून आणला. चार दिवस सोप्यात बसून, उजवं मनगट डाव्या हातानं धरून, त्यांनी पाटी रंगवली. निळा पत्रा, पिवळी अक्षरं, कडेनं तांबडी रेघ. मधली जागा मात्र मोकळी सोडली, तिथं पुढचं चाक आडवं येणार होतं हे मला नंतर कळलं. डावीकडं आमच्या तालमीचं नाव, उजवीकडं ‘शिवाजी पेठ’. पेठ मधल्या ठ ची गोलाई जराशी हलली होती. मला ती दिसली. मला दिसली हे त्यांनाही दिसलं असणार.

“मागं लावायची का?” मी विचारलं.

“तालमीचं नाव काय शेपटीला बांधायचं असतंय व्हय रं?” बाबा म्हणाले. “म्होरं लाव. येणाऱ्याला कळू दे, कोण याय लागलंय.”

मग पुढच्या लेगगार्डच्या दोन दांड्यांना त्यांनी स्वतः बसून दोन बोल्ट आवळले आणि बोल्टांच्या डोक्यांनाही तांबडा रंग दिला. गंजू नये म्हणून. थंडीचे दिवस होते, सगळं छान होतं. सकाळी कट्ट्यावर बसून बाबा मला जाताना बघायचे आणि संध्याकाळी न चुकता विचारायचे, “पाटी दिसती न्हवं लोकांस्नी?” मी म्हणायचो, “दिसती की.” त्या वर्षी आमच्या तालमीचा संघ फुटबॉलमध्ये जोरात होता. रस्त्यात अनोळखी पोरंसुद्धा पाटी वाचून हात वर करायची. ते मी बाबांना सांगायचो आणि ते तेच पुन्हा सांगायला लावायचे.

चैत्र लागला आणि एका सकाळी केर्लीच्या पुढं मला गोडसर वास आला. मला वाटलं, कुठंतरी गुऱ्हाळ चालू आहे. छान वाटलं म्हणून मी दीर्घ श्वासही घेतला. घाटातल्या वाघबिळाच्या अलीकडं लाल दिवा पेटला, खालून वाफ आली, आणि कळलं की ते गुऱ्हाळ माझ्या दोन पायांच्या मध्ये चालू आहे.

आमच्याकडं रस्त्यात गाडी बंद पडली की माणूस एकटा पडत नाही, याचं बाहेरच्यांना कौतुक वाटतं. त्यांची गाडी इथं बंद पडलेली नसते. दोन मिनिटांत माझ्याभोवती चौघं जमले. एकानं ऑइल संपलंय म्हणून सांगितलं, दुसऱ्यानं पेट्रोलमध्ये भेसळ. दुधाच्या किटल्या घेऊन निघालेल्या एका मामांनी बाटलीतलं पाणी थेट तापलेल्या इंजिनावर ओतायला घेतलं, तेव्हा मी अक्षरशः त्यांचा हात धरला. चौथा रेडिएटरचं झाकण पिरगाळायला निघाला. आत उकळतं पाणी दाबाखाली असतं, तापल्यावर ते झाकण उघडलं की तोंड भाजतं, हे मी ओरडून सांगितलं, तर तो म्हणाला, “पावणं, तुमास्नी एवढं कळतंय तर गाडी का बंद पडली?” त्या दिवशी अंगठा दहा वाजून दहा मिनिटांनी लागला.

मग रज्जाकचाचा. गंगावेशीत त्यांचं गॅरेज आहे, बाबांच्या तालमीतला जोडीदार माणूस. गॅरेजची पाटीही बाबांनीच रंगवलेली. चाचांनी गाडीकडं बघितलं आणि आधी पाटी काढली. जमिनीवर नाही ठेवली. तालमीचं नाव जमिनीवर ठेवत नाहीत. उदबत्तीच्या फळीवर, फडक्यानं पुसून, भिंतीला टेकवून ठेवली आणि मग पान्यांचा डबा उघडला.

जुनं कूलंट काढून नवं भरलं. इंजिन तासभर चालू ठेवलं, शहरात दोन फेऱ्या मारल्या, काही नाही, थंडगार. पाटी लावून दिली. दुसऱ्या दिवशी केर्लीच्या पुढं दिवा.

परत चाचा. परत पाटी फळीवर. यावेळी नळ्यांमध्ये हवा अडकलीय म्हणून ती काढली. गॅरेजात गाडी गुणी बाळासारखी वागली. घाटात दिवा. मग झाकणाची स्प्रिंग ढिली म्हणून झाकण बदललं. मग थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावर त्याला रेडिएटरकडं सोडणारी झडप, ती अडकली असेल म्हणून नवी घातली. मग पंख्याचा फ्यूज. मग पंखा. पंखा तर असा फिरत होता की चाचांच्या शर्टाची कॉलर हलत होती. “आता तापली तर मिशी काढीन,” चाचा म्हणाले. दुसऱ्या दिवशी तापली. मिशी आहे अजून.

मला वेड लागायची पाळी आली होती. दुखणं डॉक्टरसमोर दिसेनासं व्हावं आणि घरी आल्यावर परत सुरू व्हावं, तसली तऱ्हा. चाचांना वाटायला लागलं मीच गाडी वाईट चालवतो. मला वाटायला लागलं चाचा म्हातारे झाले. कचेरीत माझ्या दोन रजा कापल्या गेल्या. करवंदं आली, घाटात बायका पानांचे द्रोण घेऊन बसायला लागल्या, आणि मी रोज त्यांच्या समोर गाडी थंड व्हायची वाट बघत उभा. एकीनं तर मला बसायला पोतं दिलं. घरी आलो की बाबांचं ठरलेलं, “पाटी दिसती न्हवं?” मी एकदा वैतागून म्हणालो, “दिसती की! रोज अर्धा तास एकाच जागी हुबी असती, न दिसून काय करील?” बाबा हसले. त्यांना ते कौतुकच वाटलं.

आणि मग मोसमातला मोठा सामना आला. आदल्या संध्याकाळी मी गाडी चाचांकडं टाकली होती, सकाळी तिथूनच पन्हाळ्याला निघायचं. चाचांचं चित्त सगळं दुपारच्या सामन्यात. मी गेलो तेव्हा ते शटर अर्धं ओढून झेंड्याला काठी लावत होते. किल्ली दिली, “जा, झालीया” म्हणाले. मी निघालो.

केर्ली गेली. वाघबीळ गेलं. मी मीटरकडं बघत चढ चढलो, एकदा तर समोरची एसटी दिसली नाही इतकं त्या दिव्याकडं बघत होतो. दिवा लागला नाही. गडाच्या नाक्यावर वारा आला आणि मी गाडीवर बसल्या बसल्या मोठ्यानं हसलो. अंगठा नऊ छत्तीसला लागला. लगेच चाचांना फोन केला.

“चाचा, झालं! काय केलं शेवटी?”

मग चाचा म्हणाले, “काय केलंच न्हाय मी. वेळच न्हवता.” थोडं थांबून म्हणाले, “आरं, पाटी हितंच फळीवर ऱ्हायली की तुजी.”

माझ्या डोळ्यांपुढं गाडीचं तोंड आलं, चाकामागची रेडिएटरची जाळी आणि तिच्यापुढं आडवा तो निळा पत्रा. लांबून त्यांच्याकडं ढोल वाजत होता.

“मी एवढी वर्सं गाड्या खोलतोय,” चाचा हळू आवाजात म्हणाले, “आणि हवा यायच्या दारावर पत्रा मारून, घर का तापतंय म्हणून भिंती फोडत बसलोय. दर डावाला पाटी काढून तपासायची आणि जाताना लावून द्यायची. माज्याएवढा येडा माणूस हाय का रं कोल्हापुरात?”

“हाय की,” मी म्हणालो. “मी.”

पण खरं सांगायचं तर त्यात वेडेपणा नव्हता. पाटीला आमच्यापैकी कुणी गाडीचा भाग समजतच नव्हतं. कूलंटवर संशय घ्यावा, पंख्यावर घ्यावा. तालमीच्या नावावर संशय घ्यायचं पेठेतल्या माणसाच्या डोक्यात येत नाही.

“आता ह्ये पेंटरला कोण सांगणार?” चाचा म्हणाले.

“तुम्ही सांगा. दोस्त तुमचा.”

“मी? त्येनं माजी पाटी रंगवलीया. तुजा बा हाय, तू सांग.”

त्या संध्याकाळी मी सांगायचं ठरवून घरी गेलो. आमची तालीम सामना जिंकली होती, गल्लीत गुलाल होता. मी चाचांकडून आणलेली पाटी बाबांनी स्वतः बसवली. मऊ फडक्यानं पुसली, मागं सरकून डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाले, “ह्या हातानं एवढी जमंल आसं वाटलं न्हवतं मला. बरी झालीया की रं.” माझा फार संताप झाला. बाबांवर नाही, मला कुणावर ते कळत नव्हतं. फ्लेक्सनं त्यांचं काम नेलं, थरथरीनं हात नेला, आता त्यांची शेवटची पाटी इंजिन जाळते हे मी माझ्या तोंडानं त्यांना सांगायचं. नाही सांगितलं. त्याऐवजी मी चोरी सुरू केली.

रोज सकाळी कट्ट्यावरून बाबांच्या देखत पाटीसकट निघायचं. शिवाजी पूल आला की कडेला थांबायचं, दहा नंबरच्या पान्यानं दोन्ही बोल्ट सोडायचे, पाटी टॉवेलात गुंडाळून पाठीवरच्या पिशवीत घालायची आणि पन्हाळ्याला जायचं. संध्याकाळी पुलावर थांबून परत बसवायची आणि पेठेत शिरायचं. पुलाजवळ उसाच्या रसाचा एक गाडा असतो. तो रसवाला आठवडाभर गप्प बघत होता. मग म्हणाला, “पावणं, ह्ये रोज काय देव बसिवताय आणि उठिवताय?” मी त्याला सगळं सांगितलं. बापाला सोडून मी ते सगळ्यांना सांगू शकत होतो.

पाच-सहा दिवसांनी बाबा म्हणाले, “बोल्टाचा रंग उडालाय रं.”

“वर लई ऊन हाय,” मी म्हणालो.

त्यांनी बोल्टांच्या डोक्यांना परत तांबडा रंग दिला. दुसऱ्या दिवशी पुलावर तो रंग ओलाच होता, पान्याला लागला, पान्यावरून बोटांना, बोटांवरून कचेरीच्या पांढऱ्या शर्टाला. साहेबांनी विचारलं, लागलं का कुठं. आठवड्यात बाबांनी परत रंग दिला. मी परत खरवडला. भर उन्हात पुलावर बसून, बापानं दिलेला रंग पान्यानं उडवताना माझं डोकं इतकं फिरायचं की एकदा पाटी पंचगंगेत फेकून सगळाच निकाल लावावा असं मनात आलं. फेकली नाही. पुसून पिशवीत घातली.

मग एका सकाळी बाबा नेहमीप्रमाणं कट्ट्यावर बसलेले. मी गाडी काढली, पुलावर आलो, पाना हातात घेतला आणि खाली वाकलो. बोल्टांना तांबडी डोकी नव्हतीच. त्या जागी दोन कानांचे नट होते, ससा कान टवकारून बसतो तसे. पाना न लावता, दोन बोटांनी फिरवायचे. तेल दिलेलं होतं. मी हात लावला तसे ते फिरले, अर्ध्या मिनिटात पाटी माझ्या हातात आली.

मी ती मांडीवर घेऊन कठड्याला टेकून बसलो. बाबांना कधीपासून माहीत होतं? पहिल्यांदा रंग उडाला तेव्हापासून? पाना लागून उडालेला रंग आणि उन्हानं उडालेला रंग यातला फरक जन्मभर रंगात हात घातलेल्या माणसाला कळत नाही, असं मी समजलो होतो. त्या दिवशी अंगठा उशिरा लागला आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही.

संध्याकाळी पाटी बसवून घरी आलो. “पाटी दिसती न्हवं लोकांस्नी?” बाबांनी विचारलं. “दिसती की,” मी म्हणालो. आत गेलो, ओला टॉवेल वाळत घालायला कोपऱ्यात वळलो, तर घोडा नव्हता. त्याचे लाकडी पाय दोरीनं बांधून माळ्यावर टाकलेले होते. ते दोन नट त्याचेच होते. नट काढल्यावर घोडा उभा राहत नाही, आणि घोड्याशिवाय पाटी रंगवता येत नाही.

चार वर्षं झाली. थंडीत आणि पावसात पाटी गाडीवरच असते. चैत्रात दिवा लागला की माझी पुलावरची थांबाथांब सुरू होते. आम्ही दोघं यावर एक अक्षर बोललेलो नाही. आमच्या घरात आमटीतल्या मिठावरून गल्ली गोळा होईल इतका आवाज होतो, पण यावर नाही. बाबांचा हात आता फार कापतो. चहाची कपबशी मी धरतो.

काल दिवा लागला. संध्याकाळी मी गाडी लावली तेव्हा बाबांनी कट्ट्यावरून उतरून रेडिएटरजवळ नुसता तळहात धरला, आणि आत गेले. आज सकाळी नटांना ताजं तेल होतं. हे त्यांचंच काम, दर वर्षी करतात.

मी निघालो. गंगावेस ओलांडली तशी पुढच्या बाजूनं खडखड ऐकू यायला लागली, पुलावर येईपर्यंत पाटी एका बाजूनं लोंबत होती. उजवीकडचा नट गायब. तेल देऊन परत बसवताना त्या हातानं तो पिळलाच गेला नव्हता, नुसता टेकवलेला असणार. आणि मी, चार वर्षांचा तज्ज्ञ, निघताना हात लावून बघितला नव्हता. सव्वानऊ वाजत आलेले. मी पाटी पिशवीत घातली, गाडी रसाच्या गाड्याशेजारी लावली आणि रस्त्याच्या कडेनं, मान खाली घालून, आल्या वाटेनं चालत परत निघालो. मागून ट्रक, पुढून रिक्षा, डोक्यावर ऊन. बाबांना, चाचांना, गाडी बनवणाऱ्याला, स्वतःला, सगळ्यांना क्रमानं शिव्या देत मी गटाराच्या कडा, चिपाडं, खडी पायानं उकरत होतो. सापडला नाही. परत आलो, परत गेलो. घामानं शर्ट अंगाला चिकटला. अंगठ्याची वेळ तर केव्हाच गेली होती.

“पावणं, काय हरवलं?” रसवाल्यानं गाड्यामागून विचारलं.

“नट.”

“दोन कानाचा?”

“व्हय.”

“आवो मग उन्हात का मरताय? म्होरं हार्डवेअरचं दुकान हाय, तसला पसाभर मिळंल की.”

“न्हाय,” मी म्हणालो आणि पुन्हा खाली वाकलो. “त्योच पायजे.”